खांद्यावरचं वळण

डॉक्टरीणबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे दात पाहिले आणि त्यातली पस्तीस वर्षं टोपल्या जमवल्या. दवाखाना बंद केला तरी नाद सुटला नाही. बांबूचे करंडे, वेताच्या पेट्या, लाखेचे डबे, फुलं ठेवायच्या उंच परड्या. सगळं काचेच्या कपाटांत, ओळीनं मांडलेलं. त्यांच्यासोबत राहणारी धाकटी बहीण आल्यागेल्याला हटकून सांगे, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या ताईनं दात कोरून कपाटं भरली!"

एके सकाळी काच पुसताना त्यांना मधल्या करंड्याखाली पिवळसर पीठ दिसलं. चिमूटभर, मैद्यासारखं. करंडा उचलला तर आणखी पडलं. भिंग लावून पाहिलं. कामट्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. बांबूला भुंगा लागला होता. बाईंनी दवाखान्यातली जुनी सिरिंज काढली आणि आठ दिवस रोज एकेका भोकात औषध सोडलं. नवव्या दिवशीही खाली पीठ होतंच.

हा करंडा त्यांच्या संग्रहाचा जीव होता. घागरीच्या आकाराचा, झाकणाचा, आणि दुहेरी विणीचा: आत एक टोपली, बाहेर दुसरी, पण दोन्ही एकाच दमात विणलेल्या. खांद्यावर, जिथे पोट संपून गळा सुरू होतो तिथे, आतल्या कामट्या बाहेर येत आणि बाहेरच्या आत जात. कशा, ते वरून दिसत नसे.

बावीस वर्षांपूर्वी तो त्यांना एका म्हाताऱ्या विणकराच्या घरी दिसला होता. विणकरानं पहिल्या भेटीतच हात जोडले. "बाई, दुसरं काहीही न्या. हा माझ्या बापाच्या हातचा. यात बोटं घालून आम्ही शिकलो. हा घरातून गेला तर शिकवायचं कशावरून?"

बाई दुसऱ्यांदा गेल्या, तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा गेल्या तर म्हातारा गाल धरून बसलेला. जबडा सुजून टम्म झालेला, आठ दिवस पाण्यावर होता. बाईंनी त्याला तसाच गाडीत घातला आणि दवाखान्यात आणला. पुढे वर्षभर त्याच्या बारा खेपा झाल्या. सडलेले दात काढले, हिरड्या बऱ्या केल्या, कवळी बसवली. एक पैसा घेतला नाही. करंड्याचा विषयही काढला नाही. आणि काढायची गरज पडणार नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

शेवटच्या खेपेला म्हातारा फडक्यात बांधून करंडा घेऊन आला. नव्या दातांनी कसंनुसं हसला. "तोंड तुम्हीच दिलंत बाई. आता त्याच तोंडानं नाही कसं म्हणू?"

हे वाक्य बाईंनी पुढे कितीतरी पाहुण्यांना सांगितलं होतं. लोक खूश होऊन हसायचे.

"ज्यांनी केला त्यांच्या घरीच नेते," पीठ थांबेना तेव्हा बाई बहिणीला म्हणाल्या. "दुरुस्त झाला तर तिथेच होईल."

"आधी फोन कर," बहीण म्हणाली.

"नंबर नाही माझ्याकडे."

"बावीस वर्षांत नंबर घेतला नाहीस?"

करंडा जुन्या चादरीत गुंडाळून बाईंनी मांडीवर घेतला आणि अर्धा दिवस बसमध्ये बसून विणकराचं गाव गाठलं.

घर तेच होतं, पण अंगणात बांबूचे हिरवे वासे नव्हते. ओसरीवर लाल, निळ्या, पोपटी प्लास्टिकच्या पट्ट्यांची भेंडोळी पडली होती आणि त्यांत बसून चाळिशीची एक बाई बाजारच्या पिशव्या विणत होती. हात असे चालत होते की नजर ठरू नये. तिनं वर पाहिलं आणि लगेच ओळखलं.

"दातांच्या बाई ना तुम्ही? ज्यांना कवळी बसवलीत, त्यांची मी मुलगी. या, बसा. बाबा जाऊन सहा वर्षं झाली."

म्हातारा बाईंपेक्षा वीस वर्षांनी तरी मोठा होता, तो आता नसणार, हे कुणालाही सुचलं असतं. त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी चादर सोडली. करंडा पाहताच मुलीनं पट्ट्या बाजूला सारल्या, हात पदराला पुसले, पण करंड्याला लावले नाहीत.

"भुंगा लागलाय," बाई घाईनं म्हणाल्या. "खांद्यापाशी पोखरलाय. तुला तेवढा भाग नव्यानं विणता येईल?"

"मला?" मुलगी म्हणाली. "मला ही वीण येत नाही, बाई. कुणालाच येत नाही."

"पण तुझ्या वडिलांनी शिकवलं असेल ना?"

"बूड शिकवलं, पोट शिकवलं. खांद्याशी आलं की अडायचे. तरुणपणी त्यांनी दोनदा केला होता, दोन्ही विकले गेले. मग वीस वर्षं कुणी मागितलाच नाही. मी शिकायला बसले तेव्हा हा तुमच्याकडे गेलेला. बाबा आठवून आठवून विणायचे, उसवायचे, पुन्हा विणायचे. 'डोक्यात नाही गं, बोटांत होतं,' म्हणायचे. 'एकदा हात आत गेला की आठवेल.'" ती जरा थांबली. "म्हणूनच तर ते तुमच्याकडे आले होते."

बाईंना तो दिवस आठवला. नीटच आठवला, कारण तो किस्साही बाई पाहुण्यांना सांगत. करंडा नेल्यावर चार वर्षांनी म्हातारा न सांगता दारात उभा राहिला होता. घरात चार माणसं जेवायला आली होती. "तासभर हातात घेऊ द्याल?" त्यानं विचारलं होतं. बाईंनी त्याला प्रेमानं आत नेलं, कपाटातला दिवा लावला आणि समजावलं की हाताच्या घामानं जुना बांबू काळा पडतो, काचेतूनच पाहा. म्हातारा दहा मिनिटं काचेपुढे उभा होता. त्याची उजव्या हाताची बोटं हवेत हलत होती. "बघा, किती जीव आहे त्यांचा," बाई पाहुण्यांना हळूच म्हणाल्या होत्या. मग त्यांनी त्याला चहा दिला आणि बसच्या थांब्यापर्यंत सोडायला माणूस दिला.

"ते मला काही बोलले नाहीत," बाई म्हणाल्या. "कशासाठी हवाय ते बोलले असते तर..."

"तुमचे उपकार होते. कसं बोलणार?" मुलीच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. "घरी येऊन म्हणाले, छान ठेवलाय त्यांनी. दिवा आहे आत."

बाईंनी करंडा पुढे सरकवला. "आता घाल हात. उसवून बघ हवा तर. मला परत नको. तू शीक."

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग करंडा मांडीत घेतला. झाकण काढून तिनं डोळे मिटले आणि मनगटापर्यंत हात आत घातला. बोटं वर सरकत खांद्यापाशी गेली. तिचा चेहरा एकदम उजळला. "हां," ती पुटपुटली. "दोन सोडून तिसरी... इथे खाली दबते... थांबा, थांबा..." मुलीनं मोकळ्या हातानं एक पोपटी पट्टी ओढली आणि बोटांना कळेल तसं पायाच्या अंगठ्यात धरून वळवू लागली. एक वळसा बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला आतून काडी मोडल्यासारखा बारीक आवाज आला.

तिनं बोटं पुढे नेली. पुन्हा आवाज. मग आवाजही नाही. खांद्याची सगळी कड आत खचली आणि तिच्या मांडीवर पिठाचा ढीग पडला. आतली टोपली बाहेरच्या टोपलीतून सुटून वाकडी झाली.

"पुढे काही नाही," मुलगी म्हणाली. "पुढे नुसतं पीठ आहे."

तिनं हात बाहेर काढला. मनगटापर्यंत पिवळा झाला होता. तरी तिनं एकेक कामटी उचलून उजेडात धरून पाहिली. धरली की चुरा. तासाभरानं ती उठली, केरसुणी आणली आणि ओसरी झाडली. "उद्या सकाळी दोनशे पिशव्या द्यायच्यात," ती अपराधी आवाजात म्हणाली आणि पुन्हा पट्ट्यांत जाऊन बसली. बाईंनी "मला माफ कर" म्हटलं. "अहो, तुम्ही बाबांना जेवतं केलंत," ती म्हणाली आणि विणत राहिली.

घरी आल्यावर बाईंनी बहिणीला सगळं सांगितलं, काही न लपवता. बहिणीलाही त्या दिवशी विनोद सुचला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी एकच ध्यास घेतला: जे ज्या घरचं, ते त्या घरी पोचवायचं. आठवतील तेवढे पत्ते लिहून काढले, पत्रं टाकली. बरीचशी परत आली. एकानं उत्तर लिहिलं, आमच्या वडिलांचं काम आम्ही कधीच सोडलं, जागा नाही, क्षमस्व. एक परडी त्यांनी स्वतः नेली, तर त्या गल्लीत आता गाड्या लावायची जागा होती. राखणदारानं विचारलं, "कुणाला भेटायचंय?" आणि बाईंना नावही सांगता येईना.

फक्त एका घरी त्यांचं स्वागत झालं. लाखेचा काळा डबा ज्यानं केला होता त्याचा नातू मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. त्यानं खुर्ची दिली, डबा दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट केला. आरशासारख्या झाकणात स्वतःचा चेहरा पाहून हसला.

"आजोबांनी केलाय हा? खरंच? मी त्यांना पाहिलंच नाही. कसा करायचे हो ते? तुम्ही तर त्यांच्यासमोर बसला असाल."

बसल्या होत्या. दोन दुपारी बसल्या होत्या. बाईंनी सांगायला तोंड उघडलं. डबा किती वर्षांचा, कोणत्या प्रदर्शनात मांडला होता, कोणत्या जाणकारानं त्याच्याबद्दल काय लिहिलं, सगळं ओठांवर होतं. पण लाख कशी घोटतात, थर कशानं देतात, दोन थरांमध्ये किती दिवस थांबतात, झाकण इतकं घट्ट कसं बसवतात, यातलं एकही त्यांना माहीत नव्हतं. त्या दोन दुपारी तो म्हातारा कारागीर काही तरी दाखवत होता, सांगत होता. त्या फक्त डबा कधी सोडतो याची वाट पाहत होत्या.

"मी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"असू द्या," नातू म्हणाला आणि डबा फळीवर, चार्जरच्या खोक्यांशेजारी ठेवला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

बाई दुकानाचा जिना उतरून रस्त्यावर आल्या. ऊन चढलं होतं. त्यांच्या पिशवीत आणखी दोन पत्ते होते. त्या बसच्या थांब्यावर बसल्या, त्या पत्त्यांकडच्या दोन बसगाड्या जाऊ दिल्या, तिसरी घराकडची आली ती त्यांनी धरली.

त्यानंतर त्या काही परत करायला कुठे गेल्या नाहीत.