कावळ्यासकट कॅजिटन

माझा दादला कॅजिटन एकाच कामात पटाईत होता, झोपण्यात. होडीवर उभ्या उभ्या त्याला डुलकी लागायची. हे ठाऊक असून मी, एव्हलिन, अक्कल गहाण टाकलेली बाई, सदुसष्टच्या डिसेंबरात त्याला सुकत्या बोंबलांच्या राखणीला बसवून भाईंदरच्या बाजारात गेले.

परत येऊन बघते तर बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांडीवरची खालची अख्खी ओळ गायब, आणि समोर मुंबईचे दोन चित्रकार पोट धरून हसतायत. आमचं उत्तन गाव बघायला आले होते म्हणे. सबनीस नावाच्यानं रेघा मारल्या होत्या, दुसऱ्यानं रंग भरला होता. चित्रात आमचा कॅजिटन. तोंड उघडं, बेंबी बाहेर, डोक्यावर कावळा, मांडीवरनं मांजर बोंबील ओढतंय आणि हातात राखणीची काठी मात्र ताठ.

चित्र त्यांनी त्यालाच दिलं. यानं ते दारासमोरच्या भिंतीवर लावलं. सगळा गाव बघून गेला, त्याला राखणदार म्हणायला लागला, आणि सगळ्यांत जास्त हाच हसायचा. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. कुंपणच शेत खातं, आणि वर त्याची तसबीर लावायची? पुढच्या बाजाराला मी ते चित्र काढून नेलं आणि एका गिऱ्हाइकाला त्यात बोंबील बांधून दिले. कोण होती ती बाई, कुठली, आज आठवत न्हाय.

कॅजिटनला कळलं तेव्हा तो पहिल्यांदाच हसला न्हाय.

"एव्हलिन, त्यात मी होतो गं," एवढंच म्हणाला.

"मग? घरात काय कमी हायस?" मी म्हटलं.

पुढच्या नोव्हेंबरात वादळ झालं. होडी आली, तो आला न्हाय. पुरायलासुद्धा काही मिळालं न्हाय. चर्चमध्ये त्याच्या नावानं प्रार्थना, मिस्सा व्हायची होती, तिला फोटो हवा होता आणि घरात एकच फोटो, लग्नाचा. त्यात त्याला नेमकी शिंक आलेली, सगळं तोंड रुमालात. फोटोवाला दुसरा काढतो म्हणाला होता, तर पुरे झाली थेरं, असं मीच म्हटलं होतं.

फादरनी सबनीसांना पत्र लिहिलं. बिचारा आला, डोळे पुसत बसला. मी म्हटलं, तसंच काढा, कावळ्यासकट. त्यानं मान हलवली.

"बाई, गेलेल्या माणसाची थट्टा करू नये."

मग त्यानं आठवून आठवून काढलं. जबडा घट्ट, केस वाऱ्यावर, नजर समुद्रावर. कॅजिटन समुद्राकडे बघायचा कधी? जाळं ओढायची वेळ आली की, तेही नाइलाजानं. पण गाव म्हणाला, काय रुबाब हाय! मी त्या परक्या माणसापुढं मेणबत्ती लावली. दुसरं करणार काय होते?

आमची सेलेस्टिन तेव्हा आठ महिन्यांची होती. आता सात वर्षांची हाय. रोज प्रार्थना झाली की त्या चित्राचा मुका घेते, शाळेतलं सगळं त्याला सांगते. परवा मृतांच्या सणाला मेणबत्ती लावताना मला राहवलं न्हाय. मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, कावळा, मांजर, बेंबी, ताठ काठी. सांगताना मला इतकं हसू आलं की डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. वाटलं, पोर पण हसेल.

ती लालबुंद झाली. चित्र भिंतीवरनं काढून छातीशी धरलं.

"खोटं बोलतेस तू. माझा पपा असा नव्हता."

मी तोंड उघडलं. पण दाखवणार काय? दाखवायचं होतं ते मीच बोंबलाभोवती गुंडाळून देऊन टाकलं होतं. पोर माझ्याकडे टक लावून बघत होती.

"न्हाय बाय," मी म्हटलं, "असा नव्हता."