घोडीचा पायगुण

"घोडी उद्या चालायला लागली, तरी लगेच हुरळून जाऊ नका. दुखणं गेलं म्हणाल, तर आधी सांगा, गेलं कुठे?"

खुरं तासणारी बाई असं बोलली होती, तेव्हा सुनेने नुसती मान डोलावली आणि सोडून दिलं. त्या बाईला तबेल्यात सगळे कानसबाई म्हणत, कारण हातातली कानस ती जेवतानाच काय ती खाली ठेवायची. झालं होतं असं, की घोडीने दाण्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर खाल्लं आणि दोन दिवसांत तिचे पुढचे पाय गेले. कानसबाईने नाल काढले, खुरं तासली, दाणा बंद केला, पायाखाली मऊ भुसा घालायला लावला.

"खुराच्या आत हाड फिरलंय. नवं खुर वरून खालपर्यंत यायला दहा महिने. दर चार आठवड्यांनी तासायला येईन."

"दहा महिने!" सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे असं पाहिलं, की जणू ते महिने तिनेच सांगितले होते. कारण त्यांच्या लेखी पोत्याचा काही संबंध नव्हता. सून तबेल्याच्या कामात शिरली आणि पंधरवड्यात घोडी बसली. पायगुण, दुसरं काय!

महिनाभर हा शब्द सुनेच्या मागे घरभर फिरला. त्यामुळे मंतरलेला दोरा बांधून पायाची दुखणी घालवणारे पायमहाराज तबेल्यात आले, तेव्हा शिकलीसवरलेली असूनही तिने त्यांना अडवलं नाही. घोडी लवकर चालो आणि आपली सुटका होवो, एवढंच तिला हवं होतं. घोडीच्या पायाला बांधलेल्या पहिल्या दोऱ्याची गाठ तर तिनेच बोटाने दाबून धरली होती.

आज महाराजांचा तिसरा आणि शेवटचा दिवस. सकाळी दहालाच आवार माणसांनी भरलं. फाटकाला आतून कडी घातली गेली, तीही महाराजांच्याच हुकमाने. "शक्ती बाहेर सांडते!"

नेहमीप्रमाणे ते एकटेच घोडीच्या खणात गेले, दार लावून घेतलं आणि पाव तासाने बाहेर आले. मागोमाग घोडी आली. लंगडणं नाही, अडखळणं नाही!

"भूमीचा दाह खुरात चढतो, माझ्या दोऱ्यात अडकतो आणि आकाशात विरतो!" महाराज गरजले. म्हणजे काय ते कोणालाच कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या.

"आता या घरची नात घोडीवर बसेल आणि घोडी दौडेल. आईच्या पायाचा दोष लेकीच्या पायाने फिटेल. मग घोडी आत, आणि उद्या सकाळपर्यंत खणाचं दार कोणी उघडायचं नाही. शक्ती मुरू द्यायची."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. तो घोडीची दोरी धरून दोरीकडेच बघत होता. पाच वर्षांची लेक आजीच्या कडेवर होती. मागे भिंत, पुढे गर्दी, फाटकाला कडी. नाही म्हणावं, तर पायगुणावर शिक्कामोर्तब!

ती घोडीपाशी खाली बसली. लेकीचा ताप बघायची तिची सवय होती, तसाच तळहाताचा उलटा भाग तिने खुरावर ठेवला. खुर तव्यासारखं तापलेलं. कानसबाईने दाखवलेल्या जागी, खुराच्या वर मागच्या बाजूला, तिने बोट टेकवलं. नाडी थाडथाड उडत होती. म्हणजे आजार जिथल्या तिथे होता. मग दुखणं तेवढं गेलं कुठे?

तेवढ्यात घोडीने पाय उचलला आणि तो जमिनीवर उताण्या पडलेल्या, अंग घासायच्या खराऱ्याच्या लोखंडी दातांवर ठेवला. सगळा भार टाकून ती तशीच उभी राहिली. कानसुद्धा हलला नाही.

"आई, हिलापण दातवाल्या काकांनी सुई दिली का गं?" लेक आजीच्या कडेवरून म्हणाली. दोन दिवसांपूर्वी तिचा दात काढला होता. बधिर झालेला ओठ तिने हसत हसत रक्त येईपर्यंत चावला होता. तो अजून सुजलेला होता. "मलापण तेव्हा कळतच नव्हतं."

सून उठली. लेकीचा बधिरपणा दोन-तीन तासांत उतरला होता, हे तिला आठवलं.

"महाराज, लेक बसेल. पण दुपारी एक वाजता. तोवर घोडी बाहेरच राहील, आणि आपण सगळे इथेच बसू."

"अविश्वास! शक्ती कोपेल!"

"अहो, कोपेल कशी?" सासूबाई भाबडेपणाने म्हणाल्या. "तुमची शक्ती काय तीन तासांत आटतेय? बसा की. मी सरबत आणते."

महाराजांना अचानक दुसऱ्या गावचं तातडीचं काम आठवलं. ते फाटकाकडे सरकले, पण त्यांचेच भक्त कडीला पाठ लावून बसले होते. उठतंय कोण? सुनेने कानसबाईला फोन लावला.

बाराच्या सुमाराला घोडीला घाम फुटला. तिने पुढचे पाय लांब टाकले, सगळा भार मागे घेतला आणि कण्हत आडवी झाली.

कानसबाईने आल्या आल्या दोरे सोडले. खाली केस भादरलेली पट्टी आणि तिच्यावर सुयांच्या बारीक टोचा. महाराजांच्या झोळीत सिरिंज आणि दात काढताना देतात तसल्या बधिर करणाऱ्या औषधाच्या बाटल्या निघाल्या.

"दोरा फक्त टोचा झाकायला," कानसबाई म्हणाली. "पाय बधिर झाला की घोडी फिरलेल्या हाडावर बेधडक चालते आणि आतलं आणखी फाटत जातं. दौडताना कोसळली असती, पोरीला घेऊन. आता दहाचे चौदा महिने धरा. तेही जगली तर."

सासूबाईंनी नातीला घट्ट धरलं. सुनेकडे बघायचं मात्र त्यांनी टाळलं. पायगुणाचं कोणी काढलं नाही. चुकलं असंही कोणी म्हणालं नाही.

घोडी अजून त्याच खणात, भुशावर उभी असते. नवं खुर महिन्याला बोटाच्या पेरापेक्षाही कमीच उतरतं. सून रोज खुराला हात लावून बघते आणि आपण धरलेली ती गाठ तिला रोज आठवते. भेटेल त्याला ती एकच सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगणं आहे: गुण आला म्हटलं की कसा आला ते विचारा, आणि थोडं थांबून पुन्हा बघा. तुमच्या घरात, गोठ्यात, शेजारी कोणाचं जुनं दुखणं कोणा महाराजाने एका दिवसात घालवलंय का? मग हे वाचून झाल्यावर उठा, त्यांच्यापाशी जा. दोरा सोडा, आणि खाली काय आहे ते बघून या.