ओळखीचे उंदीर

तिला लहानपणापासून सगळे 'भित्री भागूबाई' म्हणत, आणि त्यात म्हणणाऱ्यांची काही चूक नव्हती. झुरळ दिसलं की ही टेबलावर, कुत्रं भुंकलं की ही भावाच्या पाठीमागे, आणि वर्गात बाईंनी नाव घेतलं की हिची बोबडी वळलेली. पुढे नावातली 'भित्री' गळून गेली, 'भागू' तेवढी उरली. अशी ही भागू मोठी होऊन कशावर संशोधन करायला लागली, तर धीटपणावर. तोही उंदरांच्या. हे ऐकून तिचा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागून पाणी द्यावं लागलं.

भागूचं म्हणणं मात्र साधं होतं. भीती काही हवेतून येत नाही. मेंदूत तिचं बिऱ्हाड असतं. उंदराच्या एवढ्याशा मेंदूत सात कोटी पेशी, आणि त्यांतही नाना जाती. काही जातींचं काम दुसऱ्यांना उठवायचं, काहींचं दुसऱ्यांना गप्प बसवायचं. कोण कुणाला उठवतं आणि कोण कुणाला दटावतं, त्यावर उंदीर पुढे जाणार की मागे पळणार हे ठरतं. मेंदूच्या तळाशी एका कोपऱ्यात एका जातीच्या काहीशे पेशी होत्या. त्या जाग्या केल्या की उंदीर धीट होतो, असा भागूचा दावा होता. तीन वर्षं तिने त्यावर घातली होती. दावा खरा ठरला तर पदवी, नाहीतर आईच्या फोनवरच्या रोजच्या 'कधी संपणार?'ला रोजचंच उत्तर.

परीक्षा घ्यायला एक उंच फळी होती, अधिकच्या चिन्हासारखी. तिच्या दोन हातांना भिंती, दोन हात उघडे. भित्रा उंदीर भिंतीआड बसतो, धीट उंदीर उघड्यावर फिरायला निघतो. चोवीस उंदरांपैकी बारांच्या त्या पेशींत भागूने असं औषध सोडलं होतं की पेशी प्रकाशाला ओ देतील. उरलेल्या बारांना नुसतं बिनकामाचं पाणी. मग सगळ्यांच्याच डोक्यात केसाएवढी काचेची तार बसवायची आणि प्रकाश सोडायचा. निकाल डोळे दिपवणारा होता. औषधवाले उंदीर फळीवर असे हिंडत की जणू बापाचीच जागा, आणि पाणीवाले कोपऱ्यात अंग चोरून बसत.

उंदरांची सगळी देखभाल तळमजल्यावरच्या मामांकडे होती. मामा कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. पिंजरे धुणं, दाणापाणी, आणि उंदीर आणून फळीच्या मध्यावर ठेवणं, हे सारं तेच करत. भागू वरच्या मजल्यावर पडद्यासमोर बसून मोजणी करायची. कॅमेऱ्यात फक्त फळी दिसे. दोन वर्षांत ती खालच्या खोलीत मोजून चार वेळा गेली असेल. खाली अंधारा जिना होता, हे कारण ती कुणाला सांगत नसे.

तिच्या मार्गदर्शक सरांच्या वार्षिक तपासणीला दहा दिवस उरले असताना मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. बदली माणूस आला तो चटपटीत. नियमावलीत लिहिल्याप्रमाणे उंदीर शेपटीच्या मुळाशी धरायचा, उचलायचा, ठेवायचा, की पुढचा. काम निम्म्या वेळात. आणि भागूचे धीट उंदीर, औषधवाले, प्रकाश चालू असताना, एकजात भिंतीआड जाऊन बसले.

भागूने दिवा तपासला, तार तपासली, मशीन उघडून परत बंद केलं. सगळं ठीक होतं. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिला धड जेवण जाईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण काखेकडे बघायला माणूस ताळ्यावर तर हवा.

सोमवारी मामा काळा चष्मा लावून हजर झाले. भागूने त्या दिवशी एक गोष्ट मुद्दाम केली. प्रकाश चालूच केला नाही. आणि औषधवाले उंदीर निघाले की उघड्यावर फिरायला, पूर्वीच्याच थाटात!

ती जिना उतरून धावत खाली गेली. अंधाराची आठवण तिला खाली पोचल्यावर झाली.

मामा पिंजऱ्यात दोन्ही हातांची ओंजळ करून थांबले होते. उंदीर आपणहून चालत आला, ओंजळीत चढला आणि मिशा साफ करू लागला. मग मामांनी पाणीवाल्यांचा पिंजरा उघडला आणि त्यातला एक सरळ शेपटीने उचलला.

"मामा, हे असं का?" भागूने विचारलं. "त्याला ओंजळीत, आणि याला शेपटीने?"

"शेपटीनेच उचलायचं असतं. लिहिलंय तसं."

"मग तो?"

"तो ओळखीचा आहे ना," मामा म्हणाले. "ओळखीच्याला कोण शेपटीने उचलतं?"

भागू स्टूल ओढून बसली. मामांनी सगळं सांगितलं. पहिल्या बारांची ऑपरेशनं झाली तेव्हा गरम गादी बिघडली होती. ऑपरेशननंतर उंदीर गारठला तर मरतो. मामांनी आठवडाभर एकेकाला तळहातांत धरून ऊब दिली होती, अर्धा अर्धा तास. दुसरे बारा महिन्याभराने आले, तोवर गादी दुरुस्त झाली होती. त्यांची ओळख व्हायचं कारणच पडलं नाही.

"पण तू ते सगळे एकत्र का नाही गं केलेस, पोरी? निम्मे आज, निम्मे महिन्याने?"

याचं उत्तर भागूला ठाऊक होतं. औषधाची आणि पाण्याची बाटली एकाच दिवशी हाताळताना अदलाबदल झाली तर, या भीतीने तिने एका महिन्यात एकच बाटली उघडली होती. भित्रेपणाने तीन वर्षांची माती केली होती.

"काही चुकलं का माझं?" मामांचा आवाज बारीक झाला. "सरांना कळलं तर काढतील का मला? अजून दीड वर्ष नोकरी आहे."

आता हे बघा, गप्प बसणं अगदी सोपं होतं. बदली माणसाचे तीन दिवस 'मशीन बिघडलं' म्हणून खोडून टाकायचे, की निकाल लखलखीत, पदवी हातात, मामा सुखरूप. भागू रात्रभर त्यावर कूस बदलत राहिली. पण तो निकाल खोटा आहे हे चोवीस उंदीर आणि दोन माणसं जाणून होती, आणि त्यातली एक ती स्वतः होती.

सकाळी ती सरांच्या खोलीत गेली. सर वाईट माणूस नव्हते, पण माणसांना शेपटीने उचलायची त्यांना सवय होती. मान वर न करता ते म्हणाले, "बोला. दोन मिनिटं आहेत."

भागूने आधी दार लावून घेतलं. मग ती बोलली, आणि सगळं बोलली.

"म्हणजे नियमावली मोडली त्या माणसाने," सर म्हणाले.

"नाही सर. दोन बाटल्या दोन महिन्यांत उघडल्या मी. प्रकाश बंद ठेवून आधी पाहिलं नाही मी. दोन वर्षं खाली जाऊन उंदीर कसे उचलतात तेही पाहिलं नाही मी. मामांनी बारा उंदीर जगवले. त्यांना काढायचं असेल तर आधी मला काढा."

हे वाक्य ती एका दमात, न अडखळता बोलली. बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

सरांनी आता मान वर केली. मग म्हणाले, "पहिल्या तुकडीतल्या दोघांना त्या पेशी ऐकायची तार बसवली होती ना? ती चालू आहे?"

"आहे."

"मग चला खाली."

खालच्या खोलीत तार यंत्राला जोडली आणि कर्णा लावला. पेशी बोलली की कर्ण्यातून 'टक' असा आवाज येतो. कोपऱ्यातल्या उंदराच्या पेशी रेंगाळत बोलत होत्या. टक... टक. मामांचा डोळा पुरता बरा होईपर्यंत मदतीला ठेवलेल्या बदली माणसाने शेपटीकडे हात नेला आणि कर्णा मुका झाला. त्याने हात मागे घेतला. मग मामा पुढे झाले. त्यांनी ओंजळ पिंजऱ्यात उतरवली, आणि उंदरापासून ती वीतभर लांब असतानाच कर्णा पत्र्यावर थेंब पडावेत तसा वाजू लागला. दिवा बंद होता. अजून कुणी कुणाला शिवलंही नव्हतं.

मामांनी गोंधळून सगळ्यांकडे पाहिलं. "बिघडलं का काही?"

"नाही मामा," भागू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही. पेशी तिच्या म्हणण्याप्रमाणेच होत्या. त्यांना जागं करणारा दिवा तेवढा तिने भलतीकडेच शोधला होता.

सरांनी पदवीची मुदत वर्षाने वाढवून दिली. सगळे उंदीर नव्याने, दोन्ही बाटल्या एकाच दिवशी, आणि उचलायचं फक्त ओंजळीने, असं नियमावलीत स्वतःच्या हाताने लिहिलं. मग खिशात हात घालून तिथेच घुटमळले.

"मामा, मला जमेल का हो?"

"जमेल की. आधी हात खिशातून काढा. घाई करू नका, त्याला ओळख पटू दे."

पहिले चार दिवस सर रोज सकाळी त्याच तारवाल्या उंदराच्या पिंजऱ्यात ओंजळ घालून बसायचे आणि कर्णा मूग गिळून गप्प. पाचव्या दिवशी उंदीर दोन पावलं पुढे आला, थांबला, आणि कर्ण्यातून एकच आवाज आला. टक.

"ऐकलंत?" सरांनी श्वास रोखून, कुजबुजत विचारलं.

"ऐकलं सर," भागू म्हणाली. "पण हलू नका. अजून तो तुम्हाला घाबरतोय."