रमजानातली रुक्सार

हे २०१४ साली घडलं. शाळेतून निवृत्त होऊन मी तेव्हा आष्ट्यातच राहत होते. माझ्या घराची आणि अश्फाकच्या बेकरीची भिंत एकच. भट्टी पेटली की माझ्या न्हाणीघराची भिंत कोमट व्हायची. थंडीत अजून मला ती ऊब आठवते.

अश्फाकची बायको रुक्सार एरवी कमी बोलणारी. पण त्याआधीची दोन-तीन वर्षं रमजान लागला की तिच्यात दहा बायकांचं बळ यायचं. झोपेचं नाव नाही, शिलाई मशीन थांबत नाही, गल्लीतल्या पोरांना नवे कपडे, माझ्याकडं रोज ताटभर समोसे. तिची सासू महेजबीन सगळ्यांना सांगायची, "रोजा धरून एवढं काम! अल्लाची मेहर हाय."

ईद झाली की रुक्सार भिंतीकडं तोंड करून पडायची. महिनोन्महिने. अंघोळ नको, जेवण नको. लेक अर्फा कुशीत शिरली तरी हात हलायचा नाही. घरातले म्हणायचे, दमली.

त्या वर्षी संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले, तर तिनं माझा हात धरला. "बाई, माझ्यात हे काय हाय, त्याचं नाव तरी कुणी सांगंल का?"

मी अश्फाकच्या मागं लागून तिला सांगलीच्या मनोविकाराच्या डॉक्टरीणबाईंकडं न्यायला लावलं. आत सासू-सून गेल्या, मी बाहेर अर्फाला घेऊन बसले.

परतताना एसटीत महेजबीन फणकारली. "काय इचारती बया! सून कवा लय खुशीत असती का? झोप न घेता ताजीतवानी? भराभरा बोलती? म्हनलं, आमची सून तसली उनाड न्हाई."

"आणि रमजानात?" मी विचारलं.

"आवं बाई, ती इबादत, अल्लाची भक्ती! तिला दुखणं म्हनू व्हय? तोबा, तोबा."

रुक्सार खिडकीबाहेर बघत होती. आतही तिनं तोंड उघडलं नव्हतं.

मी अश्फाकला म्हटलं, डॉक्टरांना रमजानाचंही सांग. तो हसला. "दिवाळीला तुमच्या अंगात बळ येत न्हाई व्हय, बाई?"

उदासीच्या गोळ्या सुरू झाल्या. रुक्सार उठली, जेवू लागली. रमजान आला तशी धावूच लागली. हातातल्या सोन्याच्या बांगड्या तिनं दारावर आलेल्या अनोळखी बाईला देऊन टाकल्या. बोलताना एक वाक्य पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू.

"जरा पड गं," मी म्हणाले.

"पडू कशाला? कबरीत पडायचंच हाय की!" ती खळखळून हसली. मला ते हसू आवडलं नाही.

"गोळ्या लागू पडल्या," अश्फाक म्हणाला, आणि पुढच्या तारखेला तिला सांगलीला नेलं नाही. बऱ्या झालेल्या माणसाला कशाला न्यायचं?

ईद झाली आणि ती पडली. या वेळी फार खोल. श्रावण सरायच्या आत तिनं जीव दिला. कसा, ते लिहीत नाही. अर्फा तेव्हा आठ वर्षांची होती, माझ्या स्वयंपाकघरात दूध-बिस्किट खात बसली होती.

दहा वर्षांनी, अशाच एका रमजानात, अर्फाची झोप उडाली. भराभरा बोलणं, सगळ्यांसाठी शिवणं. महेजबीननं ईदची वाट पाहिली नाही, मला बरोबर घेऊन तिला सांगलीला नेलं. त्याच डॉक्टरीणबाईंनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा म्हातारी म्हणाली, "व्हय. लय खुशीत हाय. हिची आईबी अशीच हुती. मी तवा न्हाई म्हनले."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा चढ आणि तो उतार मिळून एकच आजार, बायपोलर. नुसत्या उताराचं औषध दिलं तर चढ वाढू शकतो.

रुक्सारनं विचारलेलं नाव हे.

महेजबीन त्याच वर्षी हिवाळ्यात गेली. अश्फाकनं दुसरं लग्न केलं नाही. बेकरी चालते, पण ईदला त्याच्या घरी शिरखुर्मा होत नाही. अर्फा कुपवाडला एका कारखान्यात नोकरी करते, गोळ्या घेते, डॉक्टरांनी मना केल्यामुळं रोजे धरत नाही. त्यावरून नातेवाईक टोमणे मारतात. मी आता लेकाकडं साताऱ्याला असते. रमजानात अर्फा रोज सकाळी फोन करते. मी एवढंच विचारते, "झोपलीस?"

"झोपले, बाई."

ती खरं बोलते की नाही, हे इतक्या लांबून मला कळत नाही.