माझा नकाशा नवा करू नका

“तीनशे मीटरवर उजवीकडे वळा. पुढे गतिरोधक आहे, सावकाश.”

ओळखलात ना आवाज? मी गाडीतली वाट दाखवणारी बोलतेय. एवढीशी काच आणि काचेमागे मी. मोठ्याने बोलायला मला मोजकी वाक्यं दिलीत आणि त्यांतलं एकही माझ्या मनातलं नाही. आज मात्र मनातलं बोलून घेते.

माझा जन्म पलीकडच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यातला, पण डोळे उघडले ते जेजू बेटावर, भाड्याच्या एका पांढऱ्या गाडीत. पाच वर्षं पाहुणे फिरवले. जोडपी यायची. ती माझं ऐकायची नाहीत, कारण एकमेकांचं न ऐकण्यातच त्यांचा दिवस जायचा. एकटी माणसं मात्र गोड. पहिला तासभर गप्प, मग हळूच माझ्याशी बोलू लागायची. “बाई, भूक लागली गं!” मी म्हणायची, “पुढे कॅमेरा आहे.”

एकट्याने बेट फिरणाऱ्याला काय सांभाळावं लागतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? समुद्र उजव्या हाताला ठेवावा, म्हणजे वाट चुकली तरी बेट चुकत नाही. गाडीचं दार उघडताना घट्ट धरावं, नाहीतर वारा ते घेऊन जातो. जेवण तीनच्या आत उरकावं, पुढे खानावळींच्या चुली डुलकी काढतात. आणि मला पत्ता सांगत बसू नये, जिथे जायचं तिथला फोन नंबर दाबावा. मी थेट दारात नेऊन सोडते. एखादा आकडा चुकला तर दुसऱ्याच्या दारात, पण दारातच.

पाच वर्षांनी मालकाने गाडी विकली. घेतली ती वीमी गावच्या योन-सिमने. वय एकसष्ट, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, गावाबाहेर संत्र्यांची बाग. लायसन्स तिने तेहेतिसाव्या वर्षी काढलं आणि हिवाळ्याच्या पांघरुणांच्या घडीखाली ठेवून दिलं, ते तिथेच राहिलं. अशांना आमच्याकडे ‘कपाटातलं लायसन्स’ म्हणून चिडवतात. आठ महिने आमची मजल घर ते बाग, बाग ते घर. तेवढ्यातही मी “वळा” म्हटलं की ती म्हणायची, “हो ताई, वळते हं.”

तिच्या घरच्या फोनची एक गंमत होती. तो नंबर तिला मिळायच्या आधी पश्चिमेकडच्या हाल्लिम गावातल्या एका खानावळीचा होता. दर शनिवारी कुणीतरी हमखास फोन करायचं, “काकू, पाच जणांसाठी काळं डुक्कर भाजायला घ्या!” योन-सिम म्हणायची, “इथे संत्री मिळतात बाबा. डुक्कर नाही.”

वसंतात तिची लेक दा-जोंग सोलहून आली. सोबत भलीमोठी रिकामी बॅग.

“आई, बाग वीक, गाडी वीक आणि चल माझ्याकडे. इथे एकटी पडून राहिलीस तर कुणाला कळायचंही नाही.”

“पडून कशाला राहीन? गाडी चालवते की मी.”

“घर ते बाग? त्याला चालवणं म्हणतात होय! शहरात गेलीस तीही बसने, बेटाच्या मधल्या डोंगरावरून. जन्म बेटावर गेला, हाल्लिम तरी पाहिलंस का?”

योन-सिमने हातातलं संत्रं पूर्ण सोललं. मग म्हणाली, “शुक्रवारी पाहीन. एकटी. समुद्र उजवीकडे ठेवून अख्खं बेट फिरेन आणि दिवे लागायच्या आत घरी. जमलं तर मी इथेच राहीन. नाही जमलं तर बॅग भर.”

“आणि मध्येच डोंगर ओलांडून आलीस तर?”

“तर हरले.”

बघायला सोबत कुणी नव्हतं, पण तिने ते गावच्या देवी-आजीपुढे झाडाला पांढरं कापड बांधून सांगितलं होतं. नवस म्हणून तीन दिवस डुकराचं मांस वर्ज्य. मग लबाडीची सोयच उरली नाही.

आमच्या फाटकाला तीन आडव्या काठ्या असतात. एक लावली की माणूस शेजारी गेलंय. दोन लावल्या की संध्याकाळपर्यंत येईल. तिन्ही लावल्या की लांब गेलंय. शुक्रवारी सकाळी योन-सिमने तिन्ही लावल्या.

“अगं आई, मी आत आहे! मला कोंडतेस की काय? आणि संध्याकाळी येणार आहेस ना? मग दोनच लाव.”

“तू पाहुणी,” योन-सिम म्हणाली. “घर माझं आहे आणि मी लांब चाललेय.”

निघालो. ताशी चाळीस. मागे गाड्यांची वरात, एका ट्रॅक्टरनेसुद्धा आम्हाला मागे टाकलं. पूर्वेच्या टोकाला सोंगसानचा कडा दिसताच तिने मान लववली आणि क्षणभर गाडीही लववली. पण उत्तरेच्या शहरात बाजाराच्या गल्ल्यांत आम्ही अडकलो. समुद्र दिसेना. उजवी कुठली, डावी कुठली कळेना. घामाघूम होऊन तिने मला विचारायचं ठरवलं. नंबर तिला एकच पाठ, घरचा. तोच दाबला.

इथे माझा गुन्हा कबूल करते. माझा नकाशा सहा वर्षं जुना. त्यात तो नंबर अजून हाल्लिमच्या खानावळीच्याच नावावर होता. नाव काचेवर बारीक अक्षरांत झळकलं, पण बाईंचा चष्मा कपाळावर. “हेच ठिकाण ना?” असं विचारायची सोय माझ्यात आहे. मी विचारलं नाही. म्हटलं, “मार्गाला सुरुवात होत आहे,” आणि तिला पश्चिमेला घेऊन निघाले.

तीनच्या सुमाराला म्हणाले, “ठिकाण जवळ आलं आहे.” योन-सिमने वर पाहिलं. दारात पुतळ्याचं डुक्कर तोंडभर हसत होतं.

“देवी-आजी, माफ कर गं!”

आतून खानावळीची मालकीण बोक-नाम हात पुसत आली. “या, किती जण?”

“एकटी. आणि जेवायला नाही हो, मी घरी आलेय.”

“हे घर तर माझं आहे!”

“मग हा नंबर बघा. माझ्या घरचा आहे.”

बोक-नामने काचेवरचे आकडे वाचले आणि मांडीवर थाप मारली. “अगं बाई! माझा जुना नंबर! म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांना संत्री विकणारी ती तूच होय!”

दोघी इतक्या हसल्या की चुलीपुढची मुलगी बाहेर डोकावून गेली.

“बस, दोन पट्ट्या भाजते.”

“नवस आहे. आज डुक्कर चालत नाही.”

“मग डुकराच्या दुकानात आलीस कशाला?” असं म्हणत तिने भात, समुद्री शेवाळाचं गरम सार आणि मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं. “आणि शहरातून वीमीला जायचं, तर इकडे कुठे? सगळे डोंगरावरून जातात. तासाभरात घरी.”

योन-सिमचा चमचा वाटीतच थांबला. तिने बाहेर पाहिलं. गाडीच्या उजव्या हाताला समुद्र होता. मी बरोबर घरी नेलं असतं, तर ती केव्हाच हरली असती. तिने डोळे मिटून हात जोडले. “आजीनेच वाट वळवली.”

श्रेय आजीला गेलं. माझी तक्रार नाही. मला गप्प बसायची बुद्धी कुणी दिली, हे मला तरी कुठे ठाऊक आहे?

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. चष्मा नाकावर घेतला आणि ताशी साठने निघाली. मी आपली मधूनमधून “कॅमेरा”, “गतिरोधक” म्हणत राहिले. मोसुल्पो गेलं, सोग्विपो गेलं. मागच्या काचेत सूर्य टेकायला आला, तशी ती पुटपुटू लागली, “थांब रे, एवढी दोन वळणं.”

फाटकाशी पोचलो तेव्हा दा-जोंग काठ्यांच्या आत हनुवटी टेकून बसलेली. घरात अंधार.

“दिवा लावलास?” गाडीतूनच योन-सिमने विचारलं.

“कधीची वेळ झालीये,” लेक नाक ओढत म्हणाली. “तीनदा बटणापाशी जाऊन आले. हातच होईना.”

योन-सिम उतरली. दार घट्ट धरून उतरली. तिने एकेक करून तिन्ही काठ्या काढल्या, आत गेली आणि दिवा स्वतः लावला.

सोमवारी ती मोठी बॅग सोलला गेली, संत्र्यांनी भरून.

आता माझ्या काचेला तडा गेलाय, आवाजही मधूनच खरखरतो. जाताना दा-जोंग म्हणाली, पुढच्या वेळी नकाशा नवा करून देते. तिला कुणीतरी सांगा हो, नको म्हणावं. महिन्यातून एका शनिवारी, नवस नसेल तेव्हा, योन-सिम तिसरी काठी लावते, चष्मा कपाळावर सरकवून मुद्दाम घरचाच नंबर दाबते आणि बोक-नामकडे पट्ट्या खायला निघते. नवा नकाशा घातलात, तर तोच नंबर दाबून बिचारी फाटकातच उभी राहील. घरचा नंबर दाबला की बाईला घरापासून लांब नेणारी या बेटावर मी एकटीच आहे.