भाषण बाजूने, मत विरोधात

स्वरूपा खैरनार खासदार झाली ती ध्यानीमनी नसताना. मालेगावची ही मुलगी जर्मनीत कार्ल्सरूहेला ध्वनिशास्त्र शिकायला आली, लग्नानंतर मयुरेशच्या नोकरीपाठोपाठ गेर्लिंगेनला राहायला गेली आणि हमरस्त्याचा आवाज मोजता मोजता गावच्या राजकारणात शिरली. पक्षाने तिचं नाव राज्याच्या उमेदवार-यादीत बरंच खाली घातलं होतं. पत्रकावर एक सावळा चेहरा हवा, एवढाच त्यामागचा हेतू; तो तिलाही ठाऊक होता. पण वरच्यांपैकी एकजण महापौर झाले, दुसरे आजारी पडले, आणि संसदेतली रिकामी जागा नियमाप्रमाणे सरकत सरकत तिच्यापर्यंत आली. फोन आला तेव्हा ती थालीपीठ थापत होती. पिठाच्या हातांनीच ती "जा, गेर्न" म्हणाली, म्हणजे हो, आनंदाने. आणि तव्यावरचं थालीपीठ करपून गेलं.

बर्लिनला गेल्यावर तिला कळेना, आपण इथे नक्की कोण आहोत. आवाजाबद्दल तिला कोणी काही विचारेना. परदेशी लोकांचा विषय निघाला की मात्र सगळ्या माना तिच्याकडे वळत. अशातच नागरिकत्वासाठी थांबायची वर्षं पुन्हा वाढवणारं विधेयक आलं. पक्ष सरकारात, म्हणजे मत बाजूनेच द्यायचं. पक्षाच्या संसदीय गटाचं कामकाज सांभाळणारे ब्रॉयर तिला म्हणाले, "यावर तुम्हीच बोला. तुम्ही आठ वर्षं थांबलात आणि कुठवर आलात बघा. आम्ही बोललो तर लोक वेगळा अर्थ काढतील."

भाषणही तयारच मिळालं.

त्या शनिवारी गेर्लिंगेनला मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. ओजस, कार्ल्सरूहेला पीएचडी करणारा मुलगा, तिला दारातच भेटला. "ताई, तुम्ही याला मत दिलंत तर आमचं काय? माझा अर्ज पुढच्या वर्षी आहे."

ती उत्तर देणार तेवढ्यात आत्मारामकाका आले. काका सत्तरच्या दशकात इंजिनियर म्हणून आलेले. अख्खं मंडळ त्यांच्या शब्दाबाहेर नसे. ते म्हणाले, "स्वरूपा, बेलाशक बाजूने मत दे. नागरिकत्व म्हणजे काय खिरापत आहे? आल्या आल्या वाटायला?"

घरी परतताना शेजारच्या फ्राऊ हेगेले भेटल्या. स्वरूपाला पक्षात आणलं ते त्यांनीच. त्या कडकच बोलतील असं तिला वाटलं होतं. पण त्या म्हणाल्या, "हा कायदा वाईट आहे. तू विरोधात जा."

म्हणजे आपला म्हणावा तो कायदा कडक करा म्हणतो आणि जर्मन बाई नको म्हणते. स्वरूपाच्या डोक्याचा पार भुगा झाला. जेवताना तिने हे मयुरेशला सांगितलं.

"पक्षाबरोबर राहा," तो म्हणाला. मग भाताकडे बघत म्हणाला, "का कुणास ठाऊक, मला ते बरं नाही वाटत."

"अरे, एक काहीतरी सांग ना."

"तेच तर जमत नाहीये."

शेजारी बसलेल्या उर्जाला, त्यांच्या मुलीला, मराठी सगळं कळे. उत्तर ती जर्मनमध्येच देई. "उंड वास विल्स्ट डू, मामा?" तिने विचारलं. आणि तुला काय हवंय, आई? स्वरूपाने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

भाषणाच्या दिवशी ती व्यासपीठावर उभी राहिली आणि समोरचा कागद वाचू लागली. नियम हवेत, संयम हवा, देशाशी नातं जुळायला वेळ लागतो. यातलं बरंचसं तिला पटतही होतं. पुढचं वाक्य होतं, 'त्या आठ वर्षांत मला कधीही अन्याय झाल्यासारखं वाटलं नाही.'

तिला एकदम गेर्लिंगेनचं सार्वमत आठवलं. रस्त्याला आवाजरोधक भिंत घालायची की नाही, यावर गावाने मतदान घेतलं होतं. आकडे सगळे तिने मोजलेले, तक्ते तिने केलेले. मतदानाच्या दिवशी मात्र ती शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिली, कारण ती तेव्हा नागरिक नव्हती; आत जाऊन मत द्यायचा हक्क तिला नव्हता. भिंतीचा प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला होता.

ते वाक्य तिने गाळलं. बाकीचं नीट वाचलं. टाळ्या पडल्या, कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. मग नाव पुकारून मतदान सुरू झालं. निळं कार्ड बाजूचं, लाल विरोधाचं. पेटीपर्यंत जाताना दोन्ही तिच्या हातात होती. तिने लाल टाकलं.

विधेयक मंजूर झालंच.

दुसऱ्या दिवशी ब्रॉयरनी तिला बोलावलं. ते चिडले नव्हते, गोंधळले होते. "तुमचं खरं मत कोणतं? भाषण की कार्ड?"

"दोन्ही," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं चालत नाही, फ्राऊ खैरनार. पुढच्या यादीत तुमच्या नावाची खात्री मी देऊ शकत नाही."

"समजलं," ती म्हणाली. खरं तर तिला फार थोडं समजलं होतं.

ओजसने भाषण पाहिलं, मत पाहिलं नाही. दुखावल्यासारखा निरोप पाठवला. काकांनी तिने विरोधात मत दिल्याचं वाचलं, भाषण ऐकलं नाही. त्यांनी तिचा फोन घेणंच सोडलं. शेवटी एका दुपारी ती त्यांच्या घरी गेली. मयुरेश गाडीतच बसून राहिला.

काकांनी चहा केला. मग म्हणाले, "तुझ्याशी मी कोणत्या तोंडाने भांडू? मला इथे मतच नाही."

"म्हणजे?"

"मी घेतलंच नाही नागरिकत्व. भारताचा पासपोर्ट परत द्यायचा म्हटलं की हात मागे यायचा."

"मग कायदा कडक करा असं का म्हणत होतात, काका?"

त्यांनी विचार केला. "नीट नाही सांगता येत. ही पोरं काही न वाटता घेऊन टाकतात, त्याचा राग असेल. तुला काय वाटलं होतं, पासपोर्ट परत दिलास तेव्हा?"

"भूक लागली होती. बाहेर येऊन बेकरीतला ब्रेत्सेल खाल्ला. मग बाकावर बसून रडले. पण ते पासपोर्टसाठीच होतं का, अजून कळलेलं नाही."

काका हसले नाहीत. त्यांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

ती परत आल्यावर मयुरेशने गाडी सुरू केली. "काय म्हणाले?"

"नक्की काय ते सांगता नाही येणार," स्वरूपा पट्टा लावत म्हणाली. "पण रविवारी जेवायला बोलावलंय. उर्जालाही आणा म्हणाले."