भट्टीच्या गल्लीतले तीनशे वीस काप

तीनशे वीस बाकी

"हा टोमॅटो नाही, दगड आहे," असं म्हणत फिलोमेनानं अर्धा चिरलेला टोमॅटो पावावर आणखी जोरात घासला. पाव मधोमध फाटला. चार बिया तेवढ्या चिकटल्या.

हा तिसरा काप वाया गेला होता. लांब टेबलामागे उभ्या असलेल्या पाच बायका आपापल्या हातातल्या टोमॅटोकडे बघत होत्या. बोलायचा मान फिलोमेनाचा. ती चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि भट्टीच्या गल्लीतलं उन्हाळी जेवण वर्षानुवर्षं तिच्या हाताखालून जात आलं होतं. जेवण म्हणजे तसं सगळं घरोघरून येतं. कुणी ऑम्लेट आणतं, कुणी सुकवलेलं मांस, कुणी चीज. पाव-टोमॅटो मात्र गल्लीचा. निखाऱ्यावर भाजलेला जाड काप, माळेला टांगून ठेवलेला छोटा टोमॅटो आडवा चिरलेला, हातात नुसती साल उरेपर्यंत तो पावावर घासायचा, मग मीठ, मग तेल. एवढंच. पण ते एवढंच नीट व्हायला लागतं.

"ओरिओल!" फिलोमेनानं हाक मारली. "इकडे ये. काय आणलंस हे?"

ओरिओल यंदा गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष झाला होता. विम्याच्या कचेरीत काम करणारा, चाळिशीचा, घाबरट माणूस.

"टोमॅटो," तो म्हणाला.

"कसले टोमॅटो?"

"लाल."

"हे कोशिंबिरीचे आहेत रे! नुसता गर. रस कुठाय? टांगायचे आण म्हटलं होतं ना तुला?"

"मोठे छान दिसले, म्हणून मी..."

"मोठे!" शेजारची कोन्सोल म्हणाली. "याच्या बायकोनं पण असाच बघून निवडला असणार याला."

बायका हसल्या. फिलोमेना हसली नाही. "दुकानं?" तिनं विचारलं. आज सण होता, सगळी बंद. साडेआठला एकशे साठ माणसं टेबलांवर बसणार होती, माणशी दोन काप. सव्वासात वाजले होते.

हे सगळं तीस्कार ऐकत होती. तिच्या दोन्ही हातांत दोन-दोन घडीच्या खुर्च्या होत्या.

इथे आकडा नाही, वर्षं आहेत

पहिलं वर्ष: ती एकोणीस वर्षांची. दक्षिणेतल्या खाएनकडच्या ऑलिव्हच्या टेकड्यांतून इथे उत्तरेत, तेरासाला, लोकरीच्या गिरणीत आलेली, नवीन लग्न झालेली. गल्लीच्या जेवणाला चोवीस काप करून घेऊन गेली, आपल्या गावाकडच्यासारखे: टोमॅटो किसून, चमच्यानं लावून. फिलोमेनानं ताटात डोकावून पाहिलं. "हे काय, कुणी आजारी आहे का घरात?" म्हणाली. ताट भरलेलं परत आलं. नवरा, ब्लास, जिन्यात बसून चोवीसच्या चोवीस काप खाऊन मोकळा झाला. रात्रभर पोट धरून बसला होता.

दुसरं वर्ष: "तू खुर्च्या लाव हं."

तिसरं: खुर्च्या.

चौथं: पोटात पोरगी. तरी खुर्च्या, पण दोनऐवजी एकेक.

नववं: कोन्सोल म्हणाली, हिला एकदा पावावर हात चालवू दे की. फिलोमेना म्हणाली, ती दाबून घासते. कुणी कधी घासताना बघितलं होतं तिला?

दहावं ते पंचविसावं: खुर्च्या.

सव्विसावं: गिरणी बंद पडली. शाळेच्या जेवणघरात फरशी पुसायला लागली. खुर्च्या.

तेहेतिसावं: ब्लास गेलेला. लोक म्हणाले, यंदा राहू दे. तिनं खुर्च्या लावल्या.

एकेचाळिसावं: आज.

तीनशे वीस बाकी

गप्प राहिली तर कुणी तिला काही म्हणणार नव्हतं. ओरिओलला शिव्या बसल्या असत्या, पाव कोरडा गेला असता, पुढच्या वर्षापर्यंत सगळे हसले असते. बोलली आणि फसली, तर मात्र ती मरेपर्यंत गल्लीत एकच गोष्ट सांगितली गेली असती: दक्षिणेच्या त्या बाईनं पाव बिघडवला.

तिनं खुर्च्या खाली ठेवल्या.

"किसून घ्या," ती म्हणाली.

कुणी वळून पाहिलं नाही. तिची बोली शब्दांची शेपटं खाते, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पुष्कळदा ते निमित्त करून ऐकलंच जायचं नाही.

"टोमॅटो किसून घ्या!"

आता सगळ्या वळल्या.

"आमच्याकडे टोमॅटो किसत नाहीत," फिलोमेना म्हणाली.

"माहितीये मला. एकेचाळीस वर्षं बघतेय."

"ते तुमच्याकडचं."

"हो. आमच्याकडचंच. आमच्याकडे टोमॅटो असेच असतात, गराचे. ते घासून काही होत नाही, सेन्योरा. तुम्ही कितीही जोर लावा, पावच फाटणार."

"लगदा होतो त्याचा."

"माझ्या हातचा नाही होत."

हे वाक्य तोंडातून गेलं. आता परतीचा रस्ता नव्हता.

कोन्सोलनं हातातला टोमॅटो खाली ठेवला. "सेन्योरा फिलोमेना, सव्वा तासात माणसं येतील. त्यांना कोरडा पाव वाढायचा, तर तो कुणाकडचा म्हणून वाढायचा?"

फिलोमेनानं हात पुसले. एक खुर्ची ओढली, तिच्यावर बसली आणि हाताची घडी घातली.

"करा," ती म्हणाली. "मी नाही त्यात."

तीनशे वीस बाकी, किसण्या अकरा

"घरी पळा," तीस्कार म्हणाली. "ज्याच्याकडे जी असेल ती किसणी आणा."

आल्या. चारकोनी आल्या, सपाट आल्या, एक दांडा तुटलेली, एक इतकी नवी की तिच्यावर दुकानाची चिठ्ठी होती. जायफळाची एक इवलीशी आली, ती घेऊन येणाऱ्या ओरिओलला कोन्सोलनं हातानंच परत पाठवलं.

"आडवा चिरा. चिरलेली बाजू किसणीवर. मुठीत धरू नका, तळहात सपाट. साल हातात राहते, बोटं वाचतात."

"वाचली नाहीत माझी!"

"तू बोलत होतीस म्हणून. पाण्याखाली धर, आणि तो टोमॅटोचा तुकडा फेकून दे. पुढची!"

सव्वीस वर्षं ती गिरणीत लोकर कातणाऱ्या चात्यांच्या दोन लांब रांगांमधून चालली होती. कुठे धागा तुटला की तो कानाला आधी कळायचा, डोळ्याला मग. आता ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच चालायला लागली. तिसऱ्या किसणीचा आवाज मंदावला, बाई दमली, तिच्या जागी दुसरी. सातवीवर सालही किसली जात होती. पाठमोरी असतानाच ती म्हणाली, "सातवी, हलक्या हातानं."

सातवीवरची बाई दचकली.

तीन टब लाल गरानं भरले. ओरिओलनं डाव उचलला आणि भाजलेल्या पावाकडे निघाला.

"थांब!"

"तीस्कार, वेळ नाहीये."

"म्हणूनच थांब. पाणी बघ त्यात किती आहे ते. हे पावात मुरलं की सेन्योराचं खरं होईल. गाळायला हवं. फडकं कुणाकडे आहे, पातळ?"

कुणी उशीचा अभ्रा म्हणालं. कुणी पडदा म्हणालं. एकीनं आपला गळ्यातला रुमाल सोडला, तो जेमतेम हातभर.

"माझ्या घरी," मागून आवाज आला. फिलोमेना समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "कपाटात दुसऱ्या फळीवर. चीज टांगायची फडकी आहेत. सहा. धुतलेली आहेत."

हाताची घडी तिनं सोडली नव्हती.

तीनशे वीस बाकी, आठ वाजून वीस

फडक्यातून गळालेलं गुलाबी पाणी मीठ टाकून निखाऱ्यांजवळ उभ्या असलेल्या घामाघूम पुरुषांना प्यायला दिलं. ते म्हणाले, अजून आहे का?

माणसं यायला लागली होती. ओरिओलचा जीव वर-खाली होत होता. "निम्मे तरी आत्ताच लावून ठेवूया ना!"

"एकही नाही. आधी सगळे बसू देत."

"आणि मग एकदम तीनशे वीस?"

"तीनशे वीस. हे बघा, ओळ करा. पहिली लसूण घासणार, पाव गरम असतानाच, दोनदा, जास्त नको. दुसरी तेल, माझ्या घरचं."

"तेल आधी?" कोन्सोलनं विचारलं. बाकीच्यांनी चोरून फिलोमेनाकडे पाहिलं.

"आधी. पावाला रेनकोट घालायचा. मग चमच्यानं टोमॅटो, कडेपर्यंत. मीठ मी घालणार. मीठ दुसऱ्या कुणी घालायचं नाही."

साडेआठ. खुर्च्या सरकल्याचा आवाज थांबला. एकशे साठ तोंडं इकडे वळली, आणि तीस्कारनं मिठाच्या वाडग्यात तीन बोटं घातली.

दोनशे सत्तर

"हे काय, चमच्यानं लावलंय?"

दोनशे तीस

"खाऊन तर बघ."

"फिलोमेनानं बदललं की काय?"

"फिलोमेनानं नाही. तीस्कारनं केलंय."

"कोण तीस्कार?"

"अरे, तीन नंबरच्या घरातली. खुर्च्या लावते ती."

"ती दक्षिणेची?" विचारणारा म्हातारा थांबला. तोंडात घास होता, त्यामुळे पुढचं बोलायला त्याला वेळ लागला. बोलला तेव्हा म्हणाला, "ते ताट इकडे सरकव."

एकशे साठ, मग एकशे वीस, मग बराच वेळ कुणी मोजलं नाही

लसूण, तेल, टोमॅटो, मीठ. लसूण, तेल, टोमॅटो, मीठ. भरलेली ताटं जात होती आणि रिकामी येत होती, आणि ताट ठेवणारा प्रत्येकजण तिथेच घुटमळत होता. एखाद्या कापाचा मोडलेला कोपरा मिळतोय का हे बघत होता. माणशी दोनचा हिशेब केव्हाच मोडला. पाव कमी पडला तेव्हा लोकांनी घरातून आपापले पाव आणले. भाजायलाही कुणी थांबेना.

"तीस्कार, इथं अजून चार!"

"तीस्कार, मुलांच्या टेबलावर पोचलंच नाही!"

"तीस्कार!"

तिचं नाव गल्लीत एका संध्याकाळी एवढ्या वेळा कुणी घेतलं नव्हतं. सुरुवातीला ती प्रत्येक हाकेला मान वर करत होती. मग सोडून दिलं तिनं. मीठ घालत राहिली. तीन बोटं, वरून, उंचावरून, सारखं पडेल असं.

चाळीस

फिलोमेनाच्या पुढ्यात कोन्सोलनं मघाशीच एक काप ठेवला होता. म्हातारीनं तो बराच वेळ नुसता पाहिला. मग सुरीनं कापला, काट्यानं खाल्ला. या गल्लीत पाव-टोमॅटो काट्यानं कुणी खात नाही, सगळ्यांना दिसत होतं ती काय करतेय ते. दुसरा अर्धा भाग तिनं हातात घेतला.

तो संपल्यावर ती उठली. काठी टेकत टेबलापाशी आली. लसूणवाल्या बाईचे हात थांबले, तेलवालीचे थांबले.

"मीठ बरोबर आहे," फिलोमेना म्हणाली.

"हं," तीस्कार म्हणाली.

"तेल जास्त आहे."

"तेल माझ्या भावाच्या ऑलिव्हच्या झाडांचं आहे. माझ्या हातून कमी पडत नाही."

म्हातारीनं ओठ आवळले. टेबलावरचं ताट उचललं आणि पुढे धरलं. दोन्ही हातांनी धरलं.

"नक्की जास्त आहे का, एकदा परत बघायला पाहिजे," ती म्हणाली. "दे आणखी एक."

तीस्कारनं काप उचलला. लसूण तिनंच घासली, तेल तिनंच सोडलं, पहिल्यापेक्षा थोडं जास्तच. टोमॅटो कडेपर्यंत. मीठ. ताटात ठेवला.

"तिथं बसून खा," ती म्हणाली. "उभं राहून नाही कळत."

टेबलामागची कोन्सोल खाली वाकून काहीतरी शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते.

फिलोमेना गेली नाही. टेबलाच्या टोकालाच खुर्ची ओढून बसली, आणि तो काप तिनं हातानं खाल्ला.

एक

टबाच्या तळाशी चमचा खरडला. एका कापापुरतं निघालं. निखारे राखाडी झाले होते, आकाशात अजून थोडा उजेड होता. ओरिओल धावत आला. त्याच्या शर्टावर टोमॅटोचे डाग होते आणि एरवी कधी नव्हता इतका तो खूश होता.

"तीस्कार, ऐक, पुढच्या वर्षी तू..."

"आधी मला खाऊ दे."

तिच्या लक्षात आलं की सकाळपासून तिनं काही खाल्लेलंच नाही. तिनं शेवटचा काप लावला. घाई केली नाही. मग फिलोमेनाच्या शेजारी बसली, पाय पसरले, आणि पहिला घास घेतला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. तो तिनं पुसला नाही.

चार-पाच जण ताटं घेऊन टेबलापाशी आले. रिकामे टब पाहून थबकले.

"तीस्कार, अजून आहे का ते?"

तिचं तोंड भरलेलं होतं.

"संपलं!" फिलोमेना त्यांच्या अंगावर ओरडली. "ती जेवतेय, दिसत नाही का?"

ताटं घेतलेले हात खाली आले. तीस्कार जेवत राहिली.